मॉडेल रेल्वे स्वतःच्या हातांनी बांधताना नेमकं मिळतं काय?

पितळी_खिळा (सोलापूर)

नमस्कार मंडळी. गेली पाच वर्षं वरच्या पत्र्याच्या खोलीत मी एक छोटी रेल्वे बांधतेय. आठ फूट बाय दोन फूट प्लायवूड, जमिनीपासून ११० सेंटिमीटर उंचीवर, म्हणजे स्टुलावर बसलं की गाडी बरोबर डोळ्यांसमोरून जाते. प्रमाण एचओ, १:८७, म्हणजे प्रत्येक वस्तू खऱ्याच्या ८७ पट लहान. विषय आपली बार्शी लाइट, ती जुनी अरुंद रुळांची रेल्वे. कुर्डुवाडी ते पंढरपूर मार्गावरचं एक लहानसं स्टेशन, नकाशात नसलेलं, मी मनाने वसवलेलं. दगडी खोली, पत्र्याची शेड, दोन कडुलिंब, एक सायडिंग आणि आषाढीच्या आदल्या आठवड्यातली सकाळ.

परवा सासूबाई वर आल्या तेव्हा मी चिमट्याने कडुलिंबाला पाला चिकटवत होते. बराच वेळ बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढं करतेस, ह्यातून तुला मिळतं काय गं?" टोमणा नव्हता, त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. मी "बरं वाटतं" एवढंच म्हणाले, आणि हे उत्तर पुरेसं नाही हे बोलता बोलताच कळलं.

तेव्हापासून विचार करतेय. एक गोष्ट सापडली ती सांगते. बाभूळ मी जन्मापासून पाहतेय. पण तांब्याच्या तारा पिळून बाभूळ करायला बसले आणि हात थांबला. फांद्या किती उंचीवर फुटतात? वरची छत्री सपाट की गोल? खोड काळं की तपकिरी? काहीच सांगता येईना. दुसऱ्या दिवशी होटगी रोडला स्कूटर बाजूला लावली आणि पंधरा मिनिटं एका बाभळीकडे बघत उभी राहिले. चाळिशी उलटल्यावर ते झाड मला पहिल्यांदा दिसलं.

इथे हाताने काही ना काही करणारे बरेच आहेत. रेल्वेच असं नाही, विमानं, जहाजं, बाहुलीघरं, काहीही. तुम्हाला यातून काय मिळतं?

सात_रस्ता

ताई, आधी फोटो टाका! उत्तर फोटो बघून देणार.

कडक_भाकरी

कुणी विचारलं "काय करलालाव?" की सांगायचं, "गाडी लेट हाय, तोवर झाडं लावलालोय." आमच्या स्टेशनवर हे कुणालाही पटतंय.

शून्य_मैल (पुणे)

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. मला हा पैसेवाल्यांचा खेळ वाटतो. इंजिन विकत, डबे विकत, रूळ विकत. जोडले, फिरवले, झालं. यात कारागिरी कुठे आली? इथे कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे, ते मुलांना घेऊन दोनदा पाहिलंय आणि दोन्ही वेळा थक्क झालोय. पण ते बघून समाधान होतं. स्वतः करून त्यात काय वेगळं मिळणार?

पितळी_खिळा

@शून्य_मैल, राग कसला! विकत आणून फिरवणारेही आहेत आणि त्यांचा आनंदही खराच आहे. पण बार्शी लाइटचं काहीच विकत मिळत नाही, तिथून माझी गोष्ट सुरू होते.

बार्शी लाइटचा गेज (दोन रुळांमधलं अंतर) अडीच फूट, ७६२ मिलिमीटर. भागिले ८७ केलं की ८.७६ येतात. बाजारात एन स्केलचे (एचओहून लहान प्रमाणाचे) रूळ मिळतात ते ९ मिलिमीटरचे. फरक पाव मिलिमीटरचा. हा हिशोब पहिल्यांदा वहीत मांडला तेव्हा मी टेबलावर हात आपटला होता! एनच्या रुळांवर एचओच्या मापाचं नॅरोगेज (अरुंद रुळांची गाडी) धावू शकतं, युरोपातले लोक कितीतरी वर्षं हे करत आलेत. मग एक जुनं एन स्केलचं चालतं चाक-मोटर घेतलं. त्यावर झेडडीएम या नॅरोगेज डिझेल इंजिनाची बॉडी प्लॅस्टिकच्या पत्र्यातून कापली. डबे पूर्ण घरचे. विकतचा भाग म्हणजे रूळ, चाकं आणि मोटर. बाकी सगळं पोस्टकार्ड, चहाची गाळणी, फेविकॉल आणि वेळ.

ब्रॉडगेजवाला

इथे माझं दुखणं मांडतो. ताईंचं गणित जुळलं, आमचं जुळत नाही. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिमी. एचओमध्ये १९.२६. बाजारातला एचओचा रूळ १६.५ मिमी, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ साठी आहे. बहुतेक जण त्याच रुळावर भारतीय गाड्या चालवतात. समोरून बघा, डबा रुंद आणि पाय आखडलेले. एकदा दिसलं की दिसतच राहतं.

म्हणून मी रूळ स्वतः घालतो. सर्किट बोर्डाचा तांबं चढवलेला पत्रा असतो, त्याच्या पट्ट्या कापून स्लीपर करायचे, त्यावर रूळ सोल्डर करायचा, आणि प्रत्येक पट्टीवरचं तांबं मधोमध कानशीने खरवडायचं. नाहीतर दोन्ही रूळ एकमेकांना जोडले जाऊन शॉर्ट. चाकंही धुरीवर (दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर) सरकवून रुंद करावी लागतात.

माझा पहिला सांधा, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा, पूर्ण व्हायला १४ महिने लागले. क्रॉसिंगचं नाक (दोन रूळ मिळतात ते टोक) घासायचं, गाडी ढकलायची, चाक चढतं का बघायचं, परत घासायचं. अकरा नाकं फेकली. बारावं बसलं त्या रात्री एकच डबा बोटाने पुढे-मागे ढकलत तासभर बसलो होतो. चाक नाकावरून जाताना आवाजच येत नव्हता.

शून्य_मैल (पुणे)

एका सांध्याला १४ महिने! विकतचा आणून तेवढ्यात अख्खं स्टेशन झालं असतं की.

ब्रॉडगेजवाला

झालं असतं. पण आता सोलापूर स्टेशनवर गाडी सांध्यावरून जाते तेव्हा खालून येणारा आवाज मला कळतो. चाकाची कड गार्ड रेलला (चाक भरकटू नये म्हणून लावलेल्या आतल्या रुळाला) कधी लागली, नाकावर कधी आली, पुढच्या डब्याचं काय झालं. आधी तो नुसता खडखडाट होता.

सात_रस्ता

+१. हे वाचून अंगावर काटा आला. (रेल्वेचा नव्हे, साधा.)

कुर्डुवाडी_जंक्शन

धागा आवडीचा निघाला, थोडा इतिहास ओततो. माझं बालपण कुर्डुवाडीत, वर्कशॉपच्या भोंग्यावर घर चालायचं.

कुर्डुवाडीचं जुनं नाव बार्शी रोड. जीआयपीची (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची) मोठी लाइन १८६० मध्ये सोलापूरला पोचली, पण बार्शीचं व्यापारी गाव बाजूला राहिलं, सुमारे ३५ किमीवर. ते अंतर भरायला एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने अडीच फुटी लाइन आखली. १८९७ मध्ये गाडी सुरू झाली. पंढरपूर १९०६, लातूर १९११, मिरज १९२७. सरकारने १९५४ मध्ये ताब्यात घेतली. कुर्डुवाडी-लातूर २००८ मध्ये ब्रॉडगेज झाली.

कॅलथ्रॉपचा मुद्दा असा की अरुंद लाइन म्हणजे खेळणं नव्हे, नीट विचार केला तर ती भक्कम माल वाहू शकते. कुठल्याही धुरीवर पाच टनांच्या वर भार नको, हा त्याचा नियम. मग भार वाटायला धुऱ्या वाढवल्या. लीड्सच्या किटसन कंपनीने बांधलेल्या पहिल्या इंजिनांना आठ जोडलेली चाकं आणि मागे चार. म्हणून हलक्या रुळांवर एवढी मोठी इंजिनं चालली. पुढे याच माणसाने वैमानिकांसाठी पॅराशूट बनवलं, नाव 'गार्डियन एंजल'. बार्शीची लाइन आणि पॅराशूट एकाच डोक्यातून!

ताई, तुमचं पुढचं इंजिन किटसनच हवं.

पितळी_खिळा

@कुर्डुवाडी_जंक्शन, किटसन मनात आहे, हात अजून तयार नाही. आठ जोडलेली चाकं ९ मिमीच्या रुळावर, वळणावर न अडकता! आणखी दोन वर्षं द्या.

मीटरगेज

कुणी म्हणत नाही म्हणून मीच म्हणतो. सोलापूर जिल्ह्यात तिन्ही गेज होते. मद्रासची लाइन ब्रॉड, होटगीहून गदगकडे मीटर, कुर्डुवाडीला नॅरो. सोलापूर स्टेशनवर विजापूरच्या मीटरगेज गाडीत बसलेलो मला आठवतंय. मीटरगेज एचओत ११.५ येतो, तोही १२ मिमीच्या रुळाजवळ. कुणीतरी एकाच टेबलावर तिन्ही मांडा.

धोटा (अशोक चौक)

मी रेल्वे करत नाही, पण मूळ प्रश्नावर लिहावंसं वाटलं.

वडील पॉवरलूमवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे होते. माग बिघडला की आवाजावरून सांगायचे, कुठली स्प्रिंग ढिली आहे. कारखाना बंद झाला, माग भंगारात गेले. त्यानंतर सात-आठ वर्षं त्यांनी हातात पाना धरला नाही. घरचा नळ गळला तरी प्लंबर बोलवायचे.

माझ्या मुलाला शाळेच्या प्रदर्शनासाठी पूल करायचा होता. नदीवरचा, लोखंडी, रेल्वेचा. तो कठड्यासाठी झाडूच्या काड्या चिकटवत होता. वडील बघत होते. उठले, माळ्यावरून जुनी फणी काढली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मागाच्या फणीत शेकडो चपट्या पोलादी पट्ट्या असतात, त्यांच्यामधून ताण्याचे धागे जातात. त्या सोडवल्या, सारख्या लांबीच्या कापल्या. मग लाकडाच्या तुकड्यात करवतीने खाचा पाडून साचा केला, म्हणजे प्रत्येक पट्टी समान अंतरावर बसेल. चार दिवसांत दोन्ही बाजूंचा कठडा झाला. प्रदर्शन संपून दीड वर्ष झालं. पुलाला आता दोन कमानी जास्त आहेत आणि रंगही दुसऱ्यांदा दिला जातोय.

त्यांना काय मिळालं ते मी विचारलेलं नाही. पण नळ गळला तर आता प्लंबर येत नाही.

पितळी_खिळा

@धोटा, तुमची पोस्ट सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवली. आणि एक मागणं, त्या फणीतल्या थोड्या पट्ट्या मिळतील का? माझ्या प्लॅटफॉर्मच्या मागचं कुंपण गेले तीन महिने अडलंय.

धोटा (अशोक चौक)

या कधीही. वडील म्हणतात, मापं घेऊन या, कापूनच देतो.

मोहोळची_बाई

शाळेत सातवीला प्रमाण शिकवते. पुस्तकातली उदाहरणं मुलं पाठ करतात आणि विसरतात. गेल्या वर्षी आम्ही स्टेशनवर गेलो, परवानगी घेऊन, टेप लावून बाकडं मोजलं, पाण्याचा नळ मोजला, नावाची पाटी मोजली. वर्गात येऊन सगळ्याला ८७ ने भागलं. मग पुठ्ठ्याचं बाकडं. एका मुलीने केलेलं बाकडं सव्वादोन सेंटिमीटरचं आलं आणि तीच ओरडली, "बाई, यावर तीन माणसं बसतात!" तिने कागदाची तीन माणसं बसवूनही दाखवली. त्या दिवसानंतर प्रमाणाचं गणित वर्गात कुणाचं चुकलेलं मी पाहिलं नाही.

कडक_भाकरी

आपल्याकडं तीनच्या बाकड्यावर पाच बसतात बाई. स्केल चुकलं.

मोहोळची_बाई

:) चौथा सरकून घेतो, पाचवा पिशवी मांडीवर. त्याचंही मॉडेल करू.

ब्रॉडगेजवाला

ताई, एक विचारायचं होतं. पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मे कसा काढता? माझे रूळ गेल्या उन्हाळ्यात सापासारखे वळले.

पितळी_खिळा

माझं अगदी हेच झालं होतं. डिसेंबरात सगळे जोड सोल्डर करून टाकले, वीज नीट पोचावी म्हणून. एप्रिलमध्ये दुपारी वर गेले तर मधला रूळ स्लीपर सोडून बाहेर. रडू आलं होतं. मग बसून हिशोब केला. निकेल सिल्व्हर (नावात चांदी, आत तांबं, निकेल आणि जस्त) दर अंशाला मीटरमागे साधारण १६-१७ मायक्रोमीटर वाढतं. २.४ मीटर लांबी, तापमानातला फरक २० अंश, म्हणजे जवळजवळ ०.८ मिलिमीटर. एवढ्याशाला जागा नव्हती म्हणून सगळं उचकटलं. आता दोन-तीन जोड मोकळे ठेवलेत, प्रत्येक तुकड्याला खालून वेगळी वायर. फटी मुद्दाम उन्हाळ्यात बंद होतील एवढ्याच.

आणि त्यानंतर जुन्या लाइनवरचा तो 'खडक-खडक, खडक-खडक' आवाज म्हणजे याच फटी, हे पुस्तकातून नव्हे, माझ्या टेबलावरून समजलं.

दुसरा धडा खडीचा. सीनेची वाळू आणून चाळली, छान काळी-करडी दिसत होती. महिन्याभरात मोटर कुरकुरून बंद. उघडली तर आत काळे कण चिकटलेले. आपला दगड बेसॉल्ट, त्याच्या वाळूत मॅग्नेटाइट असतं आणि मोटरमध्ये चुंबक! तेव्हापासून वाळूतून आधी स्पीकरचा चुंबक कागदात गुंडाळून दहा वेळा फिरवते. किती काळी दाढी येते त्याला! नदीच्या वाळूत लोखंड आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

परदेशस्थ_सोलापूरकर

हॅम्बर्गचं मिनिआटुर वुंडरलांड पाहिलंय, २००१ पासूनचं, एचओमधलंच. अफाट आहे. पण तिथून बाहेर पडताना मला घरी जाऊन काही करावंसं वाटलं नाही. हा धागा वाचून वाटलं. इथे थ्रीडी प्रिंटर आहे माझ्याकडे. डबे छापून दिले तर चालतील की ती फसवणूक?

ब्रॉडगेजवाला

माझ्या मते नको. हाताचं ते हाताचं.

मीटरगेज

का नको? आकृती तर त्यालाच काढावी लागणार. कानस ही पण हत्यारच आणि प्रिंटर पण.

ब्रॉडगेजवाला

कानस चुकली तर मला बोटात कळतं. प्रिंटर चुकला तर सकाळी कळतं.

पितळी_खिळा

दोघांचंही पटतंय. डब्याची आकृती काढायला खिडक्या मोजाव्याच लागतात, म्हणजे बघणं आलंच. पण खिडकीची चौकट मी हाताने कापते तेव्हा सोळाव्या खिडकीपाशी हात आपोआप हलका होतो, ते मला सोडायचं नाहीये. तुम्ही बोगीच्या, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या चौकटी छापून पाठवा, त्या कापताना माझे डोळे दुखतात. डबे माझे.

सांधेवाला (निवृत्त)

नमस्कार. नात वाचून दाखवत होती, आता तिच्याकडून लिहून घेतोय. रेल्वेत ३४ वर्षं काढली, बरीचशी सिंगल लाइनवर. खरं सांगतो, खेळण्यातली रेल्वे म्हटल्यावर मला हसू आलं होतं. आम्ही मे महिन्यात सांध्याला तेल घातलंय, रॉकेलचे दिवे घेऊन सिग्नलवर चढलोय.

पण ताईंनी टाकलेला व्हिडिओ पाहिला. दोन गोष्टी सांगतो. एक, गाडी फार पळते. नॅरोगेज अशी पळत नव्हती. दोन, गाडी स्टेशनात येतेय आणि प्लॅटफॉर्मवर माणूस नाही. सिंगल लाइनवर टोकन असतं, पुढच्या स्टेशनापर्यंत जायची परवानगी. लोखंडी गोळा, चामड्याच्या पिशवीत, पिशवीला वेताचं मोठं कडं. ड्रायव्हरचा माणूस हात बाहेर काढून कडं उचलतो. ते कडं धरायला शिकवावं लागतं. बोटांत घट्ट धरलं तर हात जातो. उघड्या तळव्यावर उभं धरायचं, म्हणजे त्याचा दंड कड्यात शिरला की ते आपोआप सुटतं. तुमच्या स्टेशनात तो माणूस नाही, म्हणून ते स्टेशन मला रिकामं वाटलं.

पितळी_खिळा

काका, नमस्कार. तुमच्या पोस्टनंतर चार दिवस दुसरं काही केलं नाही.

वेग मोजला. २.४४ मीटरचं टेबल गाडी दहा सेकंदांत पार करत होती. गुणिले ८७ केलं तर ताशी ७६ किमी! ताशी ३० हवे असतील तर साडेपंचवीस सेकंद लागायला हवेत. व्होल्टेज कमी केलं तर इंजिन धक्के देत थांबायचं, म्हणून जास्त दातांचा गिअर बसवला. आता सव्वीस सेकंद. इतकी सावकाश जाते की खिडक्या मोजता येतात.

आणि माणूस केला. पंख्याच्या वायरमधला एकच धागा सुईभोवती गुंडाळून सहा मिलिमीटरचं कडं. हात तीनदा तोडून परत लावला, कारण तळवा उघडा दिसत नव्हता. तुम्ही लिहिलेलं वाचून मी स्वयंपाकघरात बांगडी तळव्यावर उभी धरून बघितली. सासूबाईंनी लाटणं कड्यात घालून ती उचलून नेली. आम्ही सात-आठ वेळा केलं, घट्ट धरून आणि सैल धरून. घट्ट धरल्यावर खरंच मनगटाला हिसका बसतो.

सांधेवाला (निवृत्त)

फोटो बघितला. कोपर थोडं वाकवा. बाकी बरोबर.

शून्य_मैल (पुणे)

सुरुवातीला मी जे लिहिलं ते मागे घेतो. मुलीने आणि मी काल एक पुठ्ठ्याचा गुड्स शेड सुरू केलाय. छताचा कोन किती असतो?

कुर्डुवाडी_जंक्शन

@शून्य_मैल, खऱ्या शेडसमोर उभे राहा आणि मोजा. तेच तर चाललंय इथे दोन आठवडे.

सात_रस्ता

ताई, स्टेशनला नाव आहे की नाही?

कडक_भाकरी

शेंगापूर रोड!

मीटरगेज

'रोड' असेल तर गाव लांब हवं. शेंगा खाली, पूर वर, मध्ये सहा किमी बैलगाडी.

पितळी_खिळा

नाव काल ठरलं. सासूबाईंचं माहेर माढ्याकडचं, त्यांच्या शेतातल्या विहिरीला 'लिंबाची विहीर' म्हणायचे. स्टेशनात कडुलिंब आहेतच. म्हणून 'लिंबविहीर'. पिवळी पाटी, काळी अक्षरं. अक्षर खऱ्या पाटीवर २० सेंमी धरलं तर माझ्याकडे २.३ मिमी. वेलांट्या तीन केसांच्या ब्रशने. सासूबाईंनी भिंग धरलं होतं. 'वि'ची वेलांटी आधी दीर्घ पडली, ती त्यांनीच पकडली.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर अजून नीट देता आलेलं नाही. पण काल रात्री त्यांनी तो परत विचारला नाही, विहिरीला रहाट होता की मोट, हे मला सांगत बसल्या. मोट होती. आता मोट करायची आहे, बैल हवेत.

एकच अडलंय. पाटीवर खाली 'समुद्रसपाटीपासून उंची' लिहितात. गाव कल्पनेतलं. किती लिहू?

ब्रॉडगेजवाला

पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय तुम्ही, टेबल ११० सेंमी. खोलीची फरशी म्हणजे समुद्र. गुणिले ८७.

मोहोळची_बाई

९५.७ मीटर. सातवी ब ने तोंडी सांगितलं.

पितळी_खिळा

लिहिलं. पाटी वाळतेय.